सात तुकड्यांची शाळा

एका चौकोनी फळीचे सात तुकडे. पाच त्रिकोण, एक चौरस आणि एक समांतरभुज चौकोन. सातही तुकडे वापरावयाचे, एकावर एक ठेवावयाचे नाहीत, एवढाच नियम. त्यांतून हंस होतो, होडी होते, धावणारा माणूसही होतो. चीनमध्ये या खेळाला ‘चातुर्याच्या सात फळ्या’ असे म्हणतात. पाश्चात्त्यांनी त्यास टँग्रॅम हे नाव दिले.

हा खेळ किती जुना? सोंग राजवटीत मेजवानीची मेजे निरनिराळ्या आकृत्यांत मांडण्याची पद्धत होती. तिला या खेळाचे पूर्वरूप मानतात. तथापि त्याचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने चिनी पुस्तक १८१३ सालचे आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत व्यापारी जहाजांतून तो युरोप-अमेरिकेत पोहोचला आणि १८१७ च्या सुमारास तेथील घरोघरी त्याचे वेड पसरले.

पुढे १९०३ मध्ये सॅम लॉइड या अमेरिकन कोडेकाराने एक पुस्तक काढून त्यात एक अजब इतिहास रचला. ‘टॅन’ नामक देवाने हा खेळ चार हजार वर्षांपूर्वी निर्माण केला, असे त्याने लिहिले. पुष्कळांनी त्यावर विश्वास ठेवला. ऑक्सफर्डच्या महान इंग्रजी शब्दकोशाचे संपादक जेम्स मरे यांनी मात्र शोध घेतला. त्यांचे एक चिरंजीव तिएन्त्सिन येथे प्राध्यापक होते. त्यांनी चिनी विद्वानांकडे चौकशी केली, तेव्हा असा कोणी टॅन चिनी वाङ्मयात वा इतिहासात नाही, असे उत्तर मिळाले. देव नाहीसा झाला. खेळ मात्र उरला.

आणि त्या खेळाची थोरवी देवाच्या आधारावाचूनही सिद्ध होते. दोन लहान त्रिकोण जोडले की चौरस बनतो. तेच निराळे जोडले की समांतरभुज चौकोन होतो. आणखी निराळे जोडले की मधला त्रिकोण. याचा अर्थ, हे तिन्ही तुकडे दिसावयास भिन्न असले तरी क्षेत्रफळाने समान आहेत. क्षेत्रफळाचे सूत्र पाठ करण्यापूर्वीच मुलाला हे सत्य बोटांनी कळते. समांतरभुज चौकोन नुसता फिरवून बसला नाही, तर तो उलटा करून पाहावा लागतो, हेही त्याला कोणी सांगावे लागत नाही.

खेळ बालकांचा असला तरी तो पोरकट नाही. या सात तुकड्यांतून बाहेरून कोठेही आत न वळलेल्या अशा आकृत्या फक्त १३ च होऊ शकतात, हे दोन चिनी गणितज्ञांनी १९४२ मध्ये सिद्ध केले.

पाटीवरचे गणित चुकले की मूल गुरुजींच्या मुद्रेकडे पाहते. येथे ते तुकड्याकडे पाहते. तुकडा बसला नाही तर उचलावा, फिरवावा, पुन्हा ठेवावा. गुण कापले जात नाहीत. सांगितलेले निमूटपणे न स्वीकारता पडताळून पाहण्याची जी सवय मरे यांनी दाखविली, तीच हा खेळ बालवयात लावतो. चार हजार वर्षांच्या खोट्या वैभवापेक्षा ही एक सवय अधिक मोलाची होय.