इंधन बचतीची उपकरणे : दावा आणि चाचणी (यवतमाळ जिल्ह्यातील मोटार-वाहतुकीच्या संदर्भात)

प्रस्तावना

यवतमाळ हा क्षेत्रफळाने सुमारे साडेतेरा हजार चौ. कि.मी.चा आणि सोळा तालुक्यांचा जिल्हा आहे. मुंबई–नागपूर हा लोहमार्ग जिल्ह्याच्या मुख्यालयाला स्पर्श न करता धामणगावावरून जातो. यवतमाळ–मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ नावाने ओळखली जाणारी नॅरोगेज गाडी कापसाच्या व्यापारासाठी घातली गेली, पण तिने प्रवाशांची गरज कधीच पूर्णपणे भागवली नाही आणि कालांतराने तीही बंद पडली. ब्रॉडगेजचा लाभ वणीसारख्या पूर्वेकडील भागाला मिळाला. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाच्या वर्धा ते कळंब या टप्प्याचे उद्घाटन २०२४ साली झाले. परिणामी पुसद, उमरखेड, दिग्रस, आर्णी, घाटंजी येथील माणसाचे व मालाचे दळणवळण मुख्यतः रस्त्यावरच अवलंबून राहिले. एस.टी., काळी-पिवळी, मालवाहू टेम्पो आणि अलीकडे मोटारसायकल ही येथील साधने होत. एकाच वाहनावर ज्याचे घर चालते, त्याच्या दृष्टीने लिटरमागे मिळणारा एक किलोमीटरसुद्धा महिन्याच्या हप्त्याशी जोडलेला असतो. म्हणूनच ‘ही पट्टी नळीवर बसवा, वीस टक्के इंधन वाचवा’ या जाहिरातीला अशा भागात ग्राहक मिळतो. सदर दाव्यांचा इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

युद्धकाळातील कोळसा-वायू

हिंदुस्थानात मोटारीला जोडण्याच्या उपकरणाचा पहिला मोठा प्रयोग व्यापाऱ्यांनी केला नाही, तो टंचाईने घडवला. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली पेट्रोलवर नियंत्रण आले. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी येनानजाऊंगच्या तेलविहिरी व सिरियमचा शुद्धीकरण कारखाना स्वतःच उद्ध्वस्त केला. हिंदुस्थानला पुरवठा करणारा एक मोठा स्रोत त्यामुळे तुटला. अशा स्थितीत बस व ट्रक यांना लोखंडी भट्टी जोडून लाकडी कोळशाच्या वायूवर ती चालवण्यास उत्तेजन देण्यात आले. भट्टीत अपुऱ्या हवेत कोळसा जळत असे. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइडयुक्त वायू थंड करून व गाळून इंजिनात सोडला जाई.

हे उपकरण खरोखर चालत होते, ही बाब महत्त्वाची आहे. मात्र त्याची किंमत उघड होती. इंजिनाची शक्ती एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत घटे, घाटात गाडी दम टाकी, सकाळी भट्टी पेटवण्यात वेळ जाई, गाळणी रोज साफ करावी लागे आणि वायू विषारी असल्याने गळतीचे भय असे. पेट्रोल वाचत होते ते कोळसा जळत होता म्हणून. ऊर्जेची बचत येथे नव्हती, इंधनाचा पर्याय होता, आणि वापरणाऱ्या प्रत्येकाला तो फरक ठाऊक होता. युद्धानंतर पेट्रोल मिळू लागताच या भट्ट्या मागे पडल्या. पुढील काळातील उपकरणांची जाहिरात याच्या नेमकी उलट आहे. त्यांत काहीच द्यावे लागत नाही, केवळ मिळते.

तेलसंकट आणि दाव्यांचा सुकाळ

फुकटच्या बचतीचे आमिष १९७३ पूर्वीचेच आहे. कॅनडातील विनिपेगच्या चार्ल्स पोग याने १९३० च्या दशकात पेट्रोलची पूर्ण वाफ करणाऱ्या कार्ब्युरेटरची पेटंटे घेतली. गॅलनमागे दोनशे मैल धावण्याची त्याची कीर्ती पसरली, पण तशी गाडी स्वतंत्र परीक्षकांपुढे कधी सिद्ध झाली नाही. तेल कंपन्यांनी शोध दडपल्याची कथा मात्र टिकून राहिली, आणि आजही विक्रेता तिचाच आधार घेतो. (पेटंट हे नावीन्याचे प्रमाणपत्र असते, उपयुक्ततेचे नव्हे, हा भेद शिकलेल्या ग्राहकाच्याही लक्षात राहत नाही.)

ऑक्टोबर १९७३ नंतर काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. त्याबरोबर अशा वस्तूंची बाजारपेठ जगभर वाढली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कायद्याने सोपवलेल्या जबाबदारीनुसार शंभराहून अधिक उपकरणे व मिश्रणे तपासली. त्यांपैकी अगदी थोड्यांत किरकोळ सुधारणा आढळली, बहुतेकांत काहीच नाही, आणि काहींमुळे धुरातील प्रदूषके वाढली. भारतात १९७६ च्या कृतिगटातून १९७८ साली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना उभी राहिली. तिने भर दिला तो कोणत्याही पट्टीवर नव्हे, तर सवयींवर : ताशी ४५ ते ५५ कि.मी. वेग, टायरमध्ये योग्य हवा, स्वच्छ एअर फिल्टर, क्लचवर पाय न ठेवणे, थांबल्यावर इंजिन बंद करणे. १९९६ साली तमिळनाडूतून आलेल्या ‘वनौषधी पेट्रोल’च्या वार्तेने मोठमोठ्यांना भुरळ घातली. नियंत्रित चाचणीत तो दावा टिकला नाही.

न जळालेल्या इंधनाचा मुद्दा

विक्रेत्यांचे एक विधान मात्र नीट तपासण्याजोगे आहे : ‘इंजिनात इंधन पूर्ण जळत नाही, आमचे उपकरण ते जाळते.’ टू-स्ट्रोक स्कूटरच्या काळात यातील पूर्वार्ध खरा होता. त्या इंजिनात धूर बाहेर पडत असताना ताज्या मिश्रणाचा बराच भाग तसाच निसटत असे. तथापि नळीला लावलेला चुंबक किंवा हवेच्या मार्गातील पंखा ते निसटणे थांबवू शकत नव्हता, कारण दोष इंजिनाच्या रचनेतच होता. तो दूर झाला झडपा असलेल्या फोर-स्ट्रोक इंजिनाने. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी-१०० ने हे देशभर दाखवून दिले. शकुंतला गाडीचे उदाहरणही असेच आहे. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये निवृत्त होऊन डिझेल इंजिन आले. उष्णतेपैकी जेमतेम ५ ते ८ टक्के उपयोगात आणणाऱ्या यंत्राच्या जागी सुमारे ३० टक्के उपयोगात आणणारे यंत्र बसले. खरी बचत तत्त्व बदलल्याने झाली.

आजच्या इंजिनात इंधनाचा ९७-९८ टक्क्यांहून अधिक भाग जळतोच. मग वीस टक्के बचत येणार कोठून ? उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने धुरातून व रेडिएटरमधून जाते, आणि तिला चुंबक अडवत नाही. धूरनळीतील ऑक्सिजन-संवेदक मिश्रणाचे प्रमाण सतत दुरुस्त करत असल्याने बाहेरून केलेला फेरफार तो पुसूनही टाकतो.

‘पाण्यावर चालणाऱ्या’ संचाचा हिशेब अधिक बोलका आहे. इंधनातील १०० भाग ऊर्जेतून इंजिनाला २५ भाग कार्य मिळते. अल्टरनेटरमध्ये त्याचे सुमारे १४ उरतात, पाण्याच्या विघटनानंतर वायूत सुमारे ८. तो वायू त्याच इंजिनात जाळला की हाती येतात २. पंचवीस देऊन दोन घेण्याचा हा व्यवहार आहे.

अनुभव फसवा का ठरतो

तरीही ‘मला फरक पडला’ असे सांगणारे वाहनचालक प्रामाणिक असतात. उपकरण बसवताना मिस्त्री प्लग साफ करतो, हवा भरतो, ट्यूनिंग करतो. पैसे मोजलेला मालक पुढे काही दिवस हळू चालवतो. त्यातच टाकी ‘फुल्ल’ करण्याची रीत ढोबळ आहे : दहा लिटरमागे अर्ध्या लिटरचा फरक म्हणजे पाच टक्के. यवतमाळच्या उन्हाळ्यात आणि डिसेंबरात, कापसाच्या हंगामात आणि रिकाम्या फेऱ्यांत, एकाच गाडीचे अ‍ॅव्हरेज सारखे राहत नाही. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, स्थापना १९६६, गाडी रुळांवर ठेवून, ठरलेल्या वेगक्रमाने चालवून मोजते ते याच कारणासाठी. एस.टी.ने मोठ्या ताफ्याची नोंद ठेवण्याचा मार्ग पत्करला : दर दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर, हा हिशेब आगारात ठेवला जातो. एका गाडीचा योगायोग त्यात लपत नाही. खाजगी काळी-पिवळीच्या मालकापाशी अशी नोंद नसते. त्याच्यापाशी असते ती शेजारच्या चालकाची साक्ष.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळणे २०२५ साली देशभर रूढ झाल्याने या बाजाराला नवे निमित्त मिळाले आहे. इथेनॉलमध्ये आकारमानाच्या हिशेबाने ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत या मिश्रणातील ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उणी ठरते. ही घट रासायनिक आहे आणि कोणत्याही थेंबाने वा पट्टीने ती भरून निघणार नाही. टाकीत ओतायच्या बाटल्या मात्र आता याच घटीच्या नावाने विकल्या जातात, आणि त्यांच्या खपासाठी दाखवला जाणारा पुरावा अद्यापही एखाद्या समाधानी ग्राहकाचाच असतो.