नभोवाणी, नेते आणि अरण्यप्रदेशाची भाषा

१२ नोव्हेंबर १९४७ रोजी महात्मा गांधींनी दिल्ली केंद्रावरून कुरुक्षेत्रातील निर्वासितांना उद्देशून भाषण केले. जेथे नेत्यास स्वतः जाता येत नाही तेथे त्याचा शब्द पोचविणे, हे नभोवाणीचे सामर्थ्य त्या प्रसंगी प्रत्ययास आले. पुढे १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले. परंतु तत्कालीन चांदा जिल्ह्याच्या अरण्यभागात अंतर केवळ मैलांचे नव्हते, भाषेचेही होते. गोंडी व माडिया या द्राविडी कुळातील बोली; राष्ट्रीय नेत्यांची भाषणे मात्र बहुधा हिंदीत वा इंग्रजीत होत.

१९८२ साली याच जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. २५ मे २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘मन की बात’मध्ये तेथील काटेझरी गावी प्रथमच बस पोचल्याचा उल्लेख केला. मूळ भाषण हिंदीत असते; आकाशवाणी गोंडीसह अनेक बोलींत त्याची भाषांतरे प्रसारित करते. म्हणजे ज्यास थेट संवाद म्हटले जाते, तो गोंडी श्रोत्यापर्यंत भाषांतरकाराच्या मुखाने पोचतो. नेत्यांच्या नभोवाणी-भाषणांच्या इतिहासात या अनामिक भाषांतरकारांचीही नोंद होणे अगत्याचे आहे.