पीटर पिचलिन : वॉशिंग्टनमधील चॉक्टॉ प्रतिनिधी

अमेरिकेतील चॉक्टॉ या मूळनिवासी राष्ट्राचे नेते पीटर पिचलिन यांनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षे वॉशिंग्टनमध्ये सरकारशी पत्रव्यवहार आणि वाटाघाटी करण्यात घालवली. ज्या पैशासाठी हा खटाटोप चालला होता, तो त्यांच्या हयातीत राष्ट्राच्या पदरी पूर्णपणे पडलाच नाही.

पिचलिन यांचा जन्म ३० जानेवारी १८०६ रोजी मिसिसिपीत झाला. वडील जॉन पिचलिन हे गोरे होते आणि सरकारी दुभाषाचे काम करीत. आई सोफिया फॉलसम यांच्याकडून चॉक्टॉ वारसा लाभला. चॉक्टॉ समाजात कूळ आईकडून ठरत असल्याने मुलगा जन्मतःच चॉक्टॉ ठरला. पुढे त्यांनी नॅशव्हिल विद्यापीठात शिक्षण घेतले.

सप्टेंबर १८३० मध्ये झालेल्या डान्सिंग रॅबिट क्रीक कराराने चॉक्टॉंनी मिसिसिपीतील सुमारे १ कोटी १० लाख एकर जमीन सोडली. करारावर सही करणाऱ्यांत पिचलिनही होते. पश्चिमेकडील सध्याच्या ओक्लाहोमापर्यंतच्या सक्तीच्या स्थलांतरात थंडी, उपासमार आणि रोगराईने हजारो माणसे दगावली. पिचलिन यांनी १८३१ साली एका तुकडीचे नेतृत्व केले. नव्या प्रदेशात राष्ट्राच्या स्वतःच्या शाळा उभ्या राहाव्यात, यासाठी ते झटले.

१८४२ साली सिनसिनाटीहून लुईव्हिलला जाणाऱ्या बोटीवर त्यांची इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्याशी भेट झाली. वॉल्टर स्कॉटच्या काव्याचा चाहता असलेल्या, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या या चॉक्टॉ गृहस्थाने डिकन्स प्रभावित झाले. ‘अमेरिकन नोट्स’ या त्यांच्या प्रवासवर्णनात या भेटीचे वर्णन आहे. निरनिराळ्या मूळनिवासी राष्ट्रांना एका सरकारच्या अमलाखाली आणण्याच्या विधेयकाविरुद्ध पिचलिन यांनी १८४९ साली काँग्रेसला लेखी निषेध सादर केला.

त्यांचा सर्वांत प्रदीर्घ लढा ‘नेट प्रोसीड्स’ म्हणजे निव्वळ उत्पन्नाच्या दाव्याचा होता. सोडलेली जमीन विकून सरकारला मिळालेल्या रकमेतून खर्च वजा जाता उरलेला पैसा चॉक्टॉंना मिळावा, ही मागणी होती. १८५५ च्या करारान्वये हा प्रश्न सिनेटच्या निवाड्यासाठी सोपवला गेला. सिनेटने १८५९ साली चॉक्टॉंच्या बाजूने कौल दिला व देय रक्कम सुमारे ३० लाख डॉलर ठरली. १८६१ साली काही पैसे मिळालेही; मात्र यादवी युद्ध पेटले आणि उरलेली रक्कम अडकली. दाव्याच्या रकमेत प्रतिनिधींचाही वाटा ठरलेला असल्याने पिचलिन यांच्यावर स्वकीयांकडून टीकाही झाली.

त्यांच्या चरित्राला आणखी एक काळी बाजू आहे. स्वजनांच्या हक्कांसाठी लेखणी झिजवणारे पिचलिन हे स्वतः गुलामांचे मालक होते. यादवी युद्धात चॉक्टॉ राष्ट्र दक्षिणेच्या बाजूने उतरले. १८६४ ते १८६६ या काळात प्रमुख असलेल्या पिचलिन यांच्याच नेतृत्वाखाली जून १८६५ मध्ये शरणागती पत्करण्यात आली. राष्ट्रातील गुलामगिरी १८६६ च्या कराराने संपली.

१७ जानेवारी १८८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले. सर्वोच्च न्यायालयाने १८८६ साली चॉक्टॉंचा दावा मान्य केला आणि १८८८ साली काँग्रेसने २८ लाख डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. त्यातला मोठा भाग वकिलांच्या व मध्यस्थांच्या वाट्याला गेला.

पिचलिन यांची कागदपत्रे ओक्लाहोमातील टल्सा येथील गिलक्रीज संग्रहालयात व नॉर्मन येथील विद्यापीठात जतन केलेली आहेत. सरकारी निवेदनांबरोबर कौटुंबिक पत्रेही त्यांत आहेत. १८२४ साली वाटाघाटींसाठी आलेले आणि वॉशिंग्टनमध्येच निधन पावलेले चॉक्टॉ नेते पुशमताहा ज्या काँग्रेशनल दफनभूमीत विसावले आहेत, तेथेच पिचलिन यांचीही समाधी आहे.