पत्ता, मागणी आणि पान : वेबच्या अभ्यासात प्रवेश करताना

बोलताना आपण ‘इंटरनेट’ आणि ‘वेब’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. अभ्यासाला बसताना मात्र ते आधी वेगळे करावे लागतात. इंटरनेट म्हणजे संगणकांना जोडणारे जाळे आणि माहितीचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट, त्यातून पोहोचवण्याचे नियम. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी आखलेले हे नियम अमेरिकेतल्या आर्पानेटने १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारले. ईमेल त्याही आधीपासून चालत होते. वेबचा तेव्हा पत्ता नव्हता.

वेबचा उगम जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला. तिथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत, काही वर्षे काम करून परत जात. कोणती माहिती कोणत्या संगणकावर आहे, हे मागे राहिलेल्यांना उमगत नसे. मार्च १९८९मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी यावर एक प्रस्ताव मांडला आणि १९९०च्या अखेरीस पहिला सर्व्हर व पहिला ब्राउझर चालूही केला. त्यांची रचना तीन गोष्टींवर उभी होती : प्रत्येक पानाला पत्ता (यूआरएल), पान मागण्याची आणि देण्याची ठरलेली रीत (एचटीटीपी) आणि पान लिहिण्याची खूणभाषा (एचटीएमएल).

मराठी विकिपीडिया उघडताना काय घडते ते पाहू. ‘एमआर डॉट विकिपीडिया डॉट ओआरजी’ हा पत्ता शेवटाकडून उलगडला जातो : आधी ‘ओआरजी’च्या नोंदी कुणाकडे आहेत, मग त्यांत ‘विकिपीडिया’ कुठे, मग ‘एमआर’ कुठे. या शोधाअंती सर्व्हरचा आकडी पत्ता हाती येतो. नावावरून आकडा काढण्याची ही व्यवस्था, डीएनएस, पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३मध्ये रचली. मग ब्राउझर त्या सर्व्हरकडे पान मागतो. उत्तरात आधी तीन अंकी क्रमांक येतो, २०० म्हणजे सापडले, ४०४ म्हणजे नाही. आणि मागोमाग एचटीएमएलचा मजकूर. तो वाचताना चित्रे आणि मांडणीच्या फाइलीही लागतील हे ब्राउझरला कळते आणि त्या तो वेगळ्या मागवतो. म्हणजे पान तयार होऊन येत नाही. ते आपल्याच यंत्रावर रचले जाते.

या ४०४मागे एक जाणूनबुजून केलेली निवड आहे. ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द १९६५मध्ये रूढ करणारे टेड नेल्सन यांना दोन्ही बाजूंनी जोडलेले, कधीही न तुटणारे दुवे हवे होते. बर्नर्स-ली यांनी त्यावर पाणी सोडले. वेबवरची लिंक एकतर्फी असते. ज्याच्या पानाला जोडायचे, त्याला विचारावे लागत नाही की कळवावे लागत नाही. म्हणूनच ते पान हलले की लिंक तुटते. पण प्रत्येक दुव्याची नोंद कुठेतरी ठेवायची अट असती, तर त्या नोंदवहीनेच वेबची वाढ रोखली असती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे सॉफ्टवेअर सर्वांना विनाशुल्क खुले केले, तेव्हा विचारण्याची उरलीसुरली गरजही संपली.

मराठी वाचकाने हाच हिशेब लिपीच्या बाबतीत मांडून पाहावा. सुरुवातीच्या मराठी संकेतस्थळांचे फाँट वेगवेगळे असत. तो फाँट उतरवून घेतला नसेल तर पडद्यावर रोमन चिन्हांची गिचमिड दिसे. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला जगभर एकच क्रमांक दिला. ‘म’चा क्रमांक २३५०. मात्र वेबवर रूढ झालेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावते, देवनागरीला तीन लागतात.

पुढच्या प्रकरणांत कुकी, कुलपाचे चिन्ह, शोधयंत्रे असे बरेच भेटेल. प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न विचारावेत : या नियमाने काय साधले, आणि त्यासाठी कशावर पाणी सोडले? त्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची अट नाही. संगणकावर कोणतेही पान उघडून कंट्रोल आणि यू ही बटणे एकत्र दाबा. बहुतेक ब्राउझर त्या पानाचा मूळ एचटीएमएल मजकूर समोर ठेवतात. त्यातली पानाच्या शीर्षकाची ओळ शोधा. अभ्यास तिथून सुरू करता येईल.