जालना पंप : 'सार्वजनिक' या संकल्पनेची घडण

हातपंपाला मराठीत 'हापसा' किंवा 'हापशी' म्हणतात. बिहार-झारखंडकडे तो 'चापाकल' होतो, तर तमिळमध्ये 'अडि पंपु'. तिन्ही नावे वापरणाऱ्याच्या हाताच्या क्रियेतून आलेली आहेत. यंत्राच्या जन्मस्थानाची खूण त्यांपैकी एकातही उरलेली नाही. वस्तुतः भारतभर पसरलेल्या या यंत्राच्या वंशावळीत जालना आणि सोलापूर या मराठी मुलखातील दोन गावांचे स्थान मोलाचे आहे.

बिहारमधील १९६६-६७ च्या दुष्काळानंतर १९६७ मध्ये युनिसेफने कठीण खडक फोडणारी वेधनयंत्रे भारतात आणली. खोल कूपनलिका शक्य झाल्या. परंतु त्यांवर बसविलेले ओतीव लोखंडाचे पंप मुळात युरोप-अमेरिकेतील एकेका शेतकरी कुटुंबासाठी घडविलेल्या नमुन्यांवर बेतलेले होते. घरातील चार माणसांऐवजी पहाटेपासून रात्रीपर्यंत सारे गाव ते हापसू लागले, तेव्हा खिळी झिजल्या, दांडे मोडले. १९७४ मधील युनिसेफच्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले. कौटुंबिक वस्तू सार्वजनिक ठिकाणी नेऊन ठेवल्याने ती सार्वजनिक होत नाही, हाच या अपयशाचा अर्थ होय.

मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात कूपनलिका खोदणाऱ्या ख्रिस्ती सेवाभावी मंडळींनी जालन्यात १९६० च्या दशकातच या प्रश्नाला हात घातला होता. ओतीव लोखंडाऐवजी पोलाद आणि अनेक खिळींऐवजी एकच भक्कम खीळ, ही 'जालना पंपा'ची वैशिष्ट्ये होत. 'सोलापूर पंपा'त दांडा आणि सळई यांच्यामध्ये साखळी आली. त्यामुळे सळई सरळ रेषेत ओढली जाऊन झीज कमी झाली. हेच साखळीचे तत्त्व १९७० च्या दशकात युनिसेफ आणि भारतीय अभियंत्यांनी सिद्ध केलेल्या 'इंडिया मार्क २' या पंपात उतरले. कोइमतूर परिसरात त्याच्या चाचण्या झाल्या आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे ५० लाख पंप तयार झाले.

अनेक हातांचा भार सोसण्याचा हा प्रश्न केवळ यांत्रिक नव्हता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयीन निवाड्यासाठी १९३७ साल उजाडले. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नामनिर्देश आहे, हातपंपाचा नाही. तळ्यात विटाळाची कल्पना पाण्याला चिकटली होती. हापशाचे पाणी नळीत झाकलेले असते, मात्र त्याच्या दांड्याला प्रत्येकाचा हात लागतो. त्यामुळे विटाळाची सीमारेषा पाण्यावरून दांड्यावर सरकू शकली. पोलादाने झिजेवर उपाय काढला. कोणाचा हात दांड्याला लागावा, याचा निर्णय मात्र समाजाकडेच राहिला.

नामांतराच्या अंगानेही हा प्रवास लक्षणीय ठरतो. गावाचे नाव प्रथम राष्ट्राच्या नावात विरले आणि पुढे लोकभाषांनी राष्ट्राचे नावही बाजूला सारले. भाषांतरित कृतीचा कर्ता विस्मृतीत जावा आणि कृती मात्र नव्या भाषेची होऊन राहावी, तसेच येथे घडले. तौलनिक अभ्यासाने अशा वस्तूंच्या स्थलांतराकडेही पाहिले, तर 'सार्वजनिक' या शब्दामागील श्रम आणि संघर्ष अधिक स्पष्ट होतील.