हॉजस्किन, टॉमस
(१७८७–१८६९). इंग्रज अर्थलेखक व सुधारक. जन्म चॅटम येथे. कोवळ्या वयात आरमारात दाखल झाला; पण वरिष्ठांशी खटका उडून अर्ध्या पगारावर बाहेर पडावे लागले. त्या अनुभवातून आरमारी शिस्तीच्या क्रौर्यावर हल्ला करणारे त्याचे पहिले पुस्तक (१८१३) निघाले. जर्मनीच्या प्रवासाचे दोन खंड १८२० मध्ये आले.

त्याची खरी कीर्ती *लेबर डिफेंडेड* (१८२५) या छोट्या पुस्तिकेवर उभी आहे. कामगार संघटनांवरील बंदी नुकतीच उठली होती, तेव्हा त्याने ती ‘एक श्रमिक’ एवढ्याच सहीने छापली. भांडवलदार मजुरांसाठी अन्नवस्त्र साठवून ठेवतो, या समजुतीवर तिचा रोख आहे. विणकर माग चालवतो तो कोणाच्या कोठारातील धान्यावर नव्हे, तर त्याच वेळी भट्टीपुढे बसलेल्या पाववाल्याच्या भरवशावर. यंत्रही कुशल हातांवाचून गंजते. मग नफ्यावर हक्क कोणाचा?

लंडनच्या कारागीर संस्थेतील त्याची व्याख्याने १८२७ मध्ये ग्रंथरूप झाली. १८३२ च्या पुस्तकात त्याने श्रमातून येणारी नैसर्गिक मालमत्ता आणि कायद्याने लादलेली कृत्रिम मालमत्ता यांत भेद केला. मार्क्सने त्याची आवर्जून दखल घेतली. मात्र त्याला समाजवादी म्हणणे काहीसे सैलच. राज्यसंस्थेवर त्याचा विश्वास नव्हता आणि खुल्या व्यापाराचा तो पुरस्कर्ता होता. पुढे त्याने *द इकॉनॉमिस्ट* या खुल्या व्यापाराचा कैवार घेणाऱ्या साप्ताहिकात नोकरी केली, ती त्यामुळेच फारशी विसंगत वाटत नाही.