सांकवाळचे दास्यपत्र

सतराव्या शतकातील गोव्यात दास्य हा केवळ अलंकारिक शब्द नव्हता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेली माणसे तेथे उघडपणे विकली जात आणि धन्याच्या घरी जन्मभर राबत. अशा त्या गोव्यात ५ ऑगस्ट १६७७ रोजी एका तरुण धर्मगुरूने स्वतःच्या हाताने स्वतःविषयीच एक दास्यपत्र लिहिले. आपण येशूची माता मरिया हिचे आजन्म दास झालो आहोत, असे त्याने त्यात जाहीर केले. या धर्मगुरूचे नाव जुझे वाझ.

वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे आजोळी झाला, घराणे सांकवाळचे. ब्राह्मणकुळातून ख्रिस्ती झालेले हे घर मानमरातबाचे होते. धर्म पालटला तरी जातीचा अभिमान पालटत नाही, हा अनुभव गोमंतकातील ख्रिस्ती समाजालाही चुकलेला नाही. अशा कुळात जन्मलेल्या, उत्तम विद्या संपादन केलेल्या आणि १६७६ साली धर्मगुरूची दीक्षा मिळालेल्या तरुणाने स्वतःला दास म्हणवावे, यात भक्तीचा उत्कट आवेग होता, यात शंका नाही. परंतु कागदावरील दास्य आणि आचरणातील दास्य यांत मोठे अंतर असते. ते अंतर वाझ यांनी कसे तोडले, हेच त्यांचे चरित्र होय.

त्या काळी सिंहलद्वीपाचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, किनारा डचांच्या, आपल्या बखरींतील वलंदेजांच्या, ताब्यात गेला होता. १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना पोर्तुगिजांच्या हातून गेले. डच प्रॉटेस्टंट पंथाचे. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हद्दपार केले आणि त्यांना आश्रय देणाऱ्यांस कडक शिक्षा ठेवली. सुमारे तीस वर्षे तेथील कॅथलिकांना धर्मगुरूचे दर्शन नव्हते. हे वृत्त वाझ यांच्या मनाला लागून राहिले. जुन्या गोव्यातील देशी धर्मगुरूंच्या ज्या छोट्या संघात ते १६८५ साली दाखल झाले होते, त्याचे प्रमुखपद सोडून १६८६ साली ते दक्षिणेकडे निघाले. बरोबर जुआंव नावाचा एक विश्वासू सेवक होता. तुतिकोरीनच्या बंदरातून भिकाऱ्याच्या वेषात गलबतावर चढून दोघे १६८७ साली जाफन्यास पोहोचले.

वेष भिकाऱ्याचा होता. परंतु दैवाने लवकरच त्यांना खरोखरीचे भिकारी केले. प्रवासातच वाझ यांना हगवणीचा दारुण विकार जडला. हा रोग सांसर्गिक असावा, या भीतीने लोकांनी त्यांना वस्तीबाहेर रानात नेऊन ठेवले. पुढे सेवकही आजारी पडला. स्वामी आणि सेवक शेजारी शेजारी असहाय पडून होते. एक गरीब बाई त्यांना रोज पेज आणून देत असे. तिचे नाव इतिहासाला माहीत नाही. पण त्या पेजेवर दोघांचे प्राण तगले. बरे झाल्यावर वाझ गळ्यात जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागू लागले. माळ पाहून ज्याची मुद्रा बदले, तो कॅथलिक, हे ते ओळखीत. मग रात्रीच्या वेळी, दारे लावून, गुप्तपणे उपासना होई.

डचांचा ससेमिरा वाढल्यावर ते १६९० साली पुत्तळमकडे आणि १६९२ साली डोंगरातील कँडी राज्यात गेले. तेथे पोर्तुगिजांचे हेर म्हणून त्यांना बंदिवास घडला. बंदिवासातच त्यांनी सिंहली भाषेचा अभ्यास केला. राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा बौद्धधर्मी. या मनुष्यापासून राज्यास अपाय नाही, अशी खात्री पटताच त्याने त्यांना मोकळीक दिली. ज्यांनी वाझ यांना पकडण्यासाठी माणसे पाठविली ते ख्रिस्ती होते आणि ज्याने त्यांना थारा दिला तो बौद्ध होता, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

१६९७ साली कँडीत देवीची भयंकर साथ आली. जेन्नरची लस निघण्यास अजून जवळजवळ शंभर वर्षांचा अवकाश होता. पळून जाणे, हाच काय तो उपाय लोकांना ठाऊक होता. राजा आणि दरबारी राजधानी सोडून गेले. घरात कोणाला देवी आल्या की त्याला रानात नेऊन टाकीत आणि घरची माणसे निघून जात. वाझ आणि त्यांच्या नात्यातील दुसरे धर्मगुरू जुझे कार्व्हालो मात्र रोग्यांकडे गेले. त्यांनी रानात टाकलेल्यांसाठी झोपड्या उभारल्या. ओस पडलेल्या घरांत रोग्यांची सोय केली. त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना अन्न भरविले, जे वाचले नाहीत त्यांना खड्डे खणून मूठमाती दिली. रोगी ख्रिस्ती की बौद्ध, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

दहा वर्षांपूर्वी जाफन्याच्या रानात ते स्वतः असेच टाकले गेले होते. त्या अनाम बाईने त्यांना जे दिले, तेच त्यांनी कँडीच्या रानात शेकडोंना दिले. मानी कुळातील पुरुषाने परक्या देशात, परक्या जातीच्या आणि धर्माच्या माणसांचे पू भरलेले फोड धुवावे आणि प्रेते उचलावी, याहून दास्य ते कोणते? मरणाच्या आदल्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, असे योहानाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. पाय धुणे हे त्या देशात चाकराचे काम. ख्रिस्ती सेवेची कल्पना तेथून निघते. वर उभे राहून खाली हात देणे म्हणजे उपकार. खाली बसून पाय धुणे म्हणजे सेवा. वाझ धर्मप्रसारासाठी गेले होते, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु जे वाद घालून साधले नसते, ते रोग्याच्या उशाशी बसून साधले. राजाचा लोभ त्यांना लाभला आणि त्याच्या राज्यात त्यांना निर्वेधपणे संचार करता येऊ लागला.

पुढे वरिष्ठ धर्माधिकाराचे पद देऊ करण्यात आले, ते त्यांनी नाकारले. गोव्याहून आणखी धर्मगुरू येत गेले. १७०५ साली आलेल्या जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहली आणि तमिळ भाषांत विपुल ग्रंथरचना केली. वाझ मात्र अनवाणी गावोगाव हिंडत राहिले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचा अंत झाला. गोव्याला ते परत आले नाहीत.

१४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे अफाट जनसमुदायापुढे त्यांना संतपद दिले. परंतु कँडीत त्यांचा देह नेमका कोठे पुरला, ती जागा आज कोणालाही दाखविता येत नाही. ज्यांना त्यांनी स्वहस्ते पुरले, त्यांच्याही थडग्यांचा मागमूस उरलेला नाही. सांकवाळच्या त्या दास्यपत्रात मागितले होते ते दासाचे स्थान. आणि तेच त्यांना शेवटपर्यंत मिळाले.